रशियाची आणि शेजारच्या लोकांची भूमी : भूगोल, हवामान आणि इतिहास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ आणि शाळेच्या नकाशातला वरचा अवाढव्य पट्टा येतो, आणि बहुतेकदा विचार तेथेच थांबतो. त्या पट्ट्यात नद्या कोणत्या दिशेला वाहतात, जमीन कोणत्या प्रकारची आहे आणि रशियनांखेरीज तेथे आणखी कोण राहते, हे कळले की तिथल्या इतिहासातली बरीच कोडी उलगडू लागतात. युक्रेन, कॉकेशस आणि मध्य आशिया यांचा उल्लेख विषय तिकडे वळेल तेथे केला आहे.

रशिया नेमका किती मोठा आहे?

क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या पाचपटीहून थोडे अधिक. देशात ११ कालविभाग आहेत. पश्चिमेकडील कालिनिनग्रादमध्ये दुपारचे दोन वाजलेले असतात, तेव्हा पूर्वेच्या कामचात्का द्वीपकल्पावर मध्यरात्र झालेली असते. एवढ्याने हा विस्तार मनात ठसत नाही, म्हणून एक तुलना उपयोगी पडते. लेना नदीच्या खोऱ्यातले साखा प्रजासत्ताक, ज्याला याकुतिया असेही म्हणतात, ते एकटेच सुमारे ३० लाख ८० हजार चौरस किलोमीटरचे आहे, आणि महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांचा. म्हणजे रशियाच्या एका घटक प्रदेशात दहा महाराष्ट्र मावतात. मात्र २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, आणि साखाची आजही सुमारे दहा लाखच आहे. या भूमीचा विचार करताना हे अंतर आणि ही विरळ वस्ती या दोन्ही गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात.

तेथे राहणारे सगळेच ‘रशियन’ असतात का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत आधी दूर व्हायला हवा. रशियन भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘रूस्की’ म्हणजे रशियन वंशाचा, रशियन भाषा मातृभाषा असलेला मनुष्य. ‘रोसियानिन’ म्हणजे रशिया या देशाचा नागरिक, मग तो कोणत्याही समाजाचा असो. मराठीत आणि इंग्रजीतही दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जात असल्यामुळे तातार, बश्कीर, चेचेन, बुर्यात किंवा साखा माणूस आपल्या नजरेतून पुसला जातो.

व्होल्गा नदीच्या मध्य खोऱ्यात फिरले तरी ही विविधता दिसते. तातार भाषा तुर्की कुळातली आणि तातार समाज प्रामुख्याने मुस्लिम. शेजारचे चुवाश लोकही तुर्की कुळातलीच भाषा बोलतात, पण ते बहुसंख्येने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. त्यांच्याजवळच मारी लोक राहतात. त्यांची भाषा फिनिश भाषेच्या दूरच्या नात्यातली आहे आणि त्यांच्यातले अनेक जण आजही गावाजवळच्या पवित्र वनराईत जाऊन प्रार्थना करतात. या राईतले झाड तोडायचे नाही, तेथे मोठ्याने बोलायचे नाही, हे नियम ज्याने कोकणातली किंवा मावळातली देवराई पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाहीत. आणखी खाली, व्होल्गाच्या पश्चिमेला, काल्मिक लोक राहतात. ते मंगोल वंशाचे आणि बौद्ध आहेत; सतराव्या शतकात ते आशियातून तेथे आले, आणि आज युरोपच्या भूमीवर बौद्ध परंपरा असलेले प्रजासत्ताक त्यांचेच आहे. कॉकेशसच्या उतारावरील दागेस्तान हा तर भाषांचा डोंगरच आहे, कारण एका छोट्या प्रजासत्ताकात तीसहून अधिक भाषा बोलल्या जातात.

यांतल्या काही समाजांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत सत्तेने भयंकर अन्याय केला. १९४३ च्या डिसेंबरात काल्मिक, १९४४ च्या फेब्रुवारीत चेचेन आणि इंगुश, व त्याच वर्षीच्या मे महिन्यात क्रिमियातले तातार यांना संपूर्ण समाजावर फितुरीचा ठपका ठेवून मालगाड्यांतून सायबेरियात व मध्य आशियात हलवण्यात आले. वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत असंख्य माणसे मरण पावली. आजच्या कॉकेशसमधील किंवा क्रिमियातील प्रश्नांविषयी बोलताना ही आठवण वगळली, तर बोलणे अपुरे राहते.

युराल पर्वत हा युरोप आणि आशिया यांच्यामधला मोठा अडसर आहे का?

युराल लांबीने दोन हजार किलोमीटरहून अधिक असला, तरी उंचीने तो बेताचाच आहे. त्याचे सर्वोच्च शिखर नारोद्नाया सुमारे १,८९५ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे दोहोंत फार तफावत नाही. मधल्या भागात तर युराल इतका ठेंगणा होतो की आगगाडीतल्या प्रवाशाला डोंगर ओलांडल्याचे जाणवतही नाही. त्याला दोन खंडांची सीमा मानण्याची प्रथा अठराव्या शतकात रूढ झाली.

खरा महत्त्वाचा मुद्दा हा की पोलंडपासून सायबेरियातल्या येनिसेय नदीपर्यंत वाटेत सह्याद्रीसारखी एकही भिंत नाही. दक्षिणेचा गवताळ प्रदेश, ज्याला स्टेप म्हणतात, तो हंगेरीपासून मंगोलियापर्यंत जवळजवळ अखंड आहे आणि त्यावरून घोडेस्वार हजारो वर्षे ये-जा करीत आले. जेथे डोंगरी किल्ल्याचा आसरा मिळत नाही, तेथे संरक्षणाची रीत वेगळी होते. मॉस्कोच्या राज्यकर्त्यांनी सोळाव्या शतकात दक्षिण सीमेवर जंगलातली झाडे तोडून, त्यांचे शेंडे शत्रूकडे करून, शेकडो किलोमीटर लांबीचे अडथळे उभारले होते. माझ्या मते रशियाच्या इतिहासातली आक्रमणांची भीती आणि सीमा सतत पुढे ढकलण्याची वृत्ती या दोहोंचे एक मूळ या उघड्या मैदानात आहे. अर्थात, त्या विस्ताराची किंमत शेजारच्या लोकांनी मोजली, हेही तितकेच खरे.

तेथे एवढी थंडी का पडते? केवळ उत्तरेला असल्यामुळे का?

अक्षांश हे एक कारण आहे, पण समुद्रापासूनचे अंतर त्याहून मोठे कारण ठरते. तीन शहरांकडे पाहावे. मुर्मान्स्क जवळजवळ ६९ अंश उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्याही वर आहे आणि डिसेंबरच्या आरंभापासून जवळपास सहा आठवडे तेथे सूर्य उगवत नाही. तरीही अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे त्याचे बंदर हिवाळ्यात गोठत नाही. उलट व्लादिव्होस्तोक ४३ अंशांवर, म्हणजे साधारणपणे दक्षिण फ्रान्सच्या अक्षांशावर आहे, आणि तेथे हिवाळ्यात समुद्रावर बर्फ धरतो, कारण वारे खंडाच्या गोठलेल्या अंतर्भागातून येतात. तिसरे शहर याकुत्स्क ६२ अंशांवर आहे. जवळपास त्याच अक्षांशावरील नॉर्वेच्या किनारी गावांत जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहते, तर याकुत्स्कमध्ये ते उणे ३८ अंशांच्या घरात जाते.

सायबेरिया उत्तरेकडे आर्क्टिक महासागराला उघडा आहे, पण दक्षिणेला आणि पूर्वेला पर्वतरांगा आहेत. त्यामुळे उत्तरेची थंड हवा आत शिरते आणि महासागरांची ऊब बाहेरच राहते. लांबलेल्या रात्री, निरभ्र आकाश आणि बर्फाने झाकलेली जमीन यांमुळे ही हवा आणखी थंड व जड होऊन तळाशी साचते. त्यातून आशियाभर प्रभाव पाडणारा सायबेरियन जास्त दाबाचा पट्टा तयार होतो. दरीत वसलेल्या व्हेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन या गावांत म्हणूनच उणे ६७ अंशांच्याही खालचे तापमान नोंदवले गेले आहे. हिमालय आणि मध्य आशियातल्या पर्वतरांगा आडव्या नसत्या, तर या हवेची झळ भारतालाही बसली असती.

मग तेथे उन्हाळा असतो का?

असतो, आणि तो चांगलाच कडक असू शकतो. त्याच व्हेर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला होता, आणि आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडील हा उच्चांक जागतिक हवामान संघटनेने मान्य केला आहे. एकाच गावाच्या किमान व कमाल तापमानांत शंभर अंशांहून अधिक अंतर असणे, ही खंडीय हवामानाची पराकाष्ठा म्हणावी लागेल. व्लादिव्होस्तोकच्या बाजूला पूर्व आशियाचा मान्सून पोहोचतो, त्यामुळे तेथला उन्हाळा पावसाळी असतो. काळ्या समुद्रावरील सोचीच्या परिसरात तर चहाचे मळे आहेत.

कायम गोठलेल्या जमिनीवर माणसे राहतात कशी?

रशियाच्या सुमारे दोन तृतीयांश भूमीखाली वर्षानुवर्षे न वितळणारी गोठलेली जमीन आहे, आणि साखामध्ये तिची खोली काही ठिकाणी हजार मीटरहूनही अधिक आहे. उन्हाळ्यात वरचा मीटर-दोन मीटरांचा थर तेवढा मोकळा होतो. अशा जमिनीवर नेहमीच्या पद्धतीने घर बांधले, तर घरातल्या उबेने पाया वितळतो आणि भिंती तडकतात. म्हणून याकुत्स्कमधल्या इमारती खोल गाडलेल्या खांबांवर, जमिनीपासून उचलून उभ्या केलेल्या असतात, आणि पाण्याचे व उष्णतेचे नळ उघड्यावरून, जाड आवरणात गुंडाळून नेलेले दिसतात.

साखा लोकांनी या जमिनीशी जुळवून घेतलेले जगणे मला विशेष मोलाचे वाटते. गोठलेल्या जमिनीत तळघर खणून ते त्यात मांस, मासे आणि नदीतून कापून आणलेले बर्फाचे ठोकळे साठवतात. जेथे प्राचीन काळी जमिनीतला बर्फ वितळून खोलगट कुरणे तयार झाली, त्या ‘अलास’ नावाच्या गवताळ वाट्यांत त्यांनी गायी आणि थंडीत उघड्यावर तग धरणारे बुटके, केसाळ घोडे पाळले. जूनमध्ये, दिवस सर्वांत मोठा असताना, ते इस्याख हा सण साजरा करतात. त्यात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा नैवेद्य असतो. आता हवामान तापत असल्यामुळे हीच जमीन खचू लागली आहे. शेतात खड्डे आणि उंचवटे होतात, रस्ते लाटांसारखे वरखाली होतात, आणि बातागायका येथे खचलेल्या भूमीचा किलोमीटरभर लांबीचा खड्डा दरवर्षी वाढतो आहे. या मातीत हजारो वर्षे कोंडलेला कार्बन बाहेर पडू लागला की त्याचा परिणाम साखाच्या सीमेत थांबत नाही.

सायबेरियातल्या नद्यांना वसंत ऋतूत पूर का येतात?

ओब, येनिसेय आणि लेना या तिन्ही महानद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. वसंतात त्यांच्या उगमाकडचा दक्षिण भाग आधी वितळतो, तेव्हा मुखाकडे नदी अजून गोठलेलीच असते. वरून आलेले पाणी आणि हिमखंड खालच्या बर्फावर अडकून बांध तयार होतो आणि पाणी गावांत शिरते. लेनाकाठचे लेन्स्क शहर मे २००१ मध्ये असेच उद्ध्वस्त झाले होते.

व्होल्गाला ‘माता’ का म्हणतात?

व्होल्गा ३,५३० किलोमीटर लांबीची, युरोपातली सर्वांत लांब नदी आहे. व्हालदाई टेकड्यांत ती जेमतेम २२८ मीटर उंचीवर उगम पावते आणि समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या कॅस्पियनला मिळते, म्हणून तिचा उतार अत्यंत मंद आहे आणि ती नौकानयनाला पूर्वीपासून सोयीची ठरली. बाल्टिककडचा मध आणि केसाळ कातडी, तर इराणकडचे रेशीम व चांदी, ही देवाणघेवाण याच पाण्यावरून होत असे. खझार या तुर्की कुळातल्या लोकांची राजधानी तिच्या मुखाजवळ होती. व्होल्गाकाठच्या बुल्गारांनी ९२२ च्या सुमारास इस्लाम स्वीकारला, म्हणजे कीव्हने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्याही आधी. पुढे मंगोलांच्या सुवर्ण टोळीची राजधानी सराय हीदेखील खालच्या व्होल्गावर वसली. इव्हान चौथ्याने १५५२ मध्ये कझान आणि १५५६ मध्ये अस्त्राखान जिंकले, तेव्हाच संपूर्ण नदी रशियनांच्या हाती आली. ज्या नदीला रशियन माणूस माता म्हणतो, ती तातारांसाठी ‘इदेल’ आहे. सतराव्या शतकात अस्त्राखानला भारतीय व्यापाऱ्यांचाही स्वतंत्र वाडा होता.

युक्रेन आणि रशियाची काळी माती आपल्या काळ्या मातीसारखीच आहे का?

रंग सारखा, घडण वेगळी. दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्या बेसॉल्ट खडकापासून झाली आहे. तिकडची ‘चेर्नोझेम’ गवतामुळे झाली: स्टेपवरचे गवत दरवर्षी वाळून मुळांसह कुजत गेले आणि हजारो वर्षांत कधीकधी मीटरभर जाडीचा काळा थर साठला. नावाचा उत्तरार्ध जमिनीसाठी असलेल्या ‘झेम्ल्या’ या शब्दातून आला आहे, आणि आपण फारसीतून घेतलेला ‘जमीन’ हा शब्द त्याचा दूरचा भाऊबंद आहे. वासिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये या मातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मृदाशास्त्राची आधुनिक पायाभरणी झाली.

माती कसदार असली तरी पाऊस भरवशाचा नाही, हे दुखणे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पूर्वेकडे व आग्नेयेकडे जावे तसा पाऊस कमी होतो, आणि उन्हाळ्यात ‘सुखोवेय’ नावाचे कोरडे, तापलेले वारे उभे पीक करपवतात. १८९१-९२ आणि १९२१-२२ मध्ये व्होल्गा खोऱ्यात मोठे दुष्काळ पडले. परंतु १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये आणि त्याच सुमारास कझाकस्तानात जी लक्षावधी माणसे उपासमारीने गेली, त्याचा दोष पावसाला देणे अन्यायाचे होईल. शेतीचे सक्तीचे सामुदायिकीकरण आणि धान्याची निर्दय वसुली ही त्याची कारणे होती. युक्रेनियन लोक त्या काळाला ‘होलोदोमोर’ म्हणतात. कझाक पशुपालकांची गुरे हिरावली गेल्याने त्यांचा समाज मुळापासून हादरला.

रशियाचा इतिहास कीव्हमध्ये सुरू होतो की मॉस्कोत?

नवव्या शतकात नीपर नदीच्या काठी ‘रूस’ हे राज्य उदयास आले. त्याचा वारसा युक्रेनियन, बेलारूसी आणि रशियन हे तिन्ही समाज सांगतात, आणि तिघांचाही त्यावर हक्क आहे. मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख मात्र ११४७ चा आहे. मंगोल आक्रमणानंतर नीपरकाठचे प्रदेश लिथुआनिया व पोलंडच्या छत्राखाली गेले, ईशान्येकडचे सुवर्ण टोळीचे मांडलिक झाले, आणि दोन्हीकडच्या भाषा, कायदे व शहरजीवन निरनिराळ्या वाटांनी घडत गेले. युक्रेन १९९१ मध्ये स्वतंत्र राष्ट्र झाले. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया बळकावला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. हजार वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजांचा दाखला अशा आक्रमणाचे समर्थन होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंगोलांनी हिवाळ्यात स्वारी का केली? आणि नेपोलियनला थंडीनेच हरवले का?

मंगोल सैन्याने १२३७ च्या डिसेंबरात र्‍याझान घेतले आणि पुढच्या फेब्रुवारीत व्लादिमिर हे शहर. घनदाट जंगलाच्या त्या प्रदेशात गोठलेल्या नद्या हेच सर्वांत चांगले रस्ते होते. वसंत जवळ येताच ते उत्तरेकडील नोव्हगोरोड शहराला न पोहोचता मागे फिरले. बर्फ वितळल्यावर आणि पुन्हा शरदातल्या पावसात तेथे जो चिखल होतो, त्याला ‘रास्पुतित्सा’ म्हणतात, आणि तो थंडीपेक्षा अधिक अडवणूक करतो.

नेपोलियनने २४ जून १८१२ रोजी नेमान नदी ओलांडली. मॉस्कोला पोहोचेपर्यंतच ऊन, उपासमार, घोड्यांचे मरण आणि टायफसचा ताप यांमुळे त्याने आपल्या मुख्य सैन्याचा मोठा भाग गमावला होता. १९ ऑक्टोबरला परतीचा प्रवास सुरू झाला, तेव्हा कडक हिवाळा अजून लागायचा होता. थंडीने उरलेल्यांचा नाश केला हे खरे, पण पराभवाची सुरुवात अंतराने आणि रसदीच्या अभावाने केली.

रशियन पोहोचण्यापूर्वी सायबेरिया ओसाड होता का?

मुळीच नाही. नेनेत्स रेनडिअर पाळत होते, एव्हेंकी तैगा अरण्यात शिकार करीत होते, बैकाल सरोवराभोवती बुर्यात गुरे राखत होते आणि अति ईशान्येला चुकची लोक समुद्रावर वालरस मारीत होते. येर्माक या सरदाराच्या कोसॅक लढवय्यांनी १५८२ मध्ये सिबीरच्या खानाची राजधानी घेतली; त्यानंतर नद्यांमागून नद्या ओलांडत रशियन १६३२ मध्ये याकुत्स्कला आणि १६३९ मध्ये ओखोत्स्क समुद्रावर पोहोचले. एवढी घाई करवणारी वस्तू होती सेबल या लहान केसाळ प्राण्याची मऊ कातडी. स्थानिक लोकांकडून ती ‘यासाक’ नावाच्या कराच्या रूपाने घेतली जाई आणि वसुलीसाठी त्यांची माणसे ओलीस ठेवली जात. रशियनांच्या मागोमाग देवीच्या रोगाची साथ आली आणि कित्येक वस्त्या रिकाम्या झाल्या. चुकची लोकांनी मात्र अठराव्या शतकात दीर्घकाळ झुंज दिली आणि त्यांना शस्त्राने जिंकण्याचा प्रयत्न रशियाला सोडून द्यावा लागला.

या प्रदेशांचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

एक संबंध दरवर्षी आकाशातून येतो. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरणाऱ्या भोरड्या कझाकस्तान आणि आसपासच्या स्टेपवर वीण करतात. तेथे त्या टोळ खातात, म्हणून शेतकरी त्यांचे स्वागत करतात. येथे कणसांसाठी त्यांना गोफणीने हाकलावे लागते.

दुसरा संबंध माणसाचा आहे. व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला अफानासी निकितिन हा व्यापारी नदीने खाली उतरला, वाटेत लुटला गेला, कॅस्पियन आणि इराण पार करून होर्मुझहून जहाजाने निघाला आणि १४७० च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता, कारण दख्खनमध्ये घोड्यांना मोठी किंमत मिळे. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला. तेथल्या बहमनी सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलल्यास परत करीन, असे सांगितले. एका खोरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला आणि निकितिनचा धर्मही राहिला. पुढे तो बीदरला गेला, आणि परतताना स्मोलेन्स्कजवळ, घर गाठण्यापूर्वीच, मरण पावला. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. त्याच्या टिपणांत जुन्नरच्या मुक्कामाचे वर्णन आहे: चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. व्होल्गाकाठच्या त्या माणसाने आपल्या या पावसाळ्याला त्याच्या भाषेत ‘हिवाळा’ असे लिहून ठेवले.